सव्वादोन वर्षांच्या लेकीला घेऊन बर्फात : रत्नागिरीहून मनाली की गुलमर्ग? कपडे, खाणं, औषधं

सुरंगी (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही तिघं बर्फ बघायला निघायचं म्हणतोय. लेक सव्वादोन वर्षांची, वजन साडेअकरा किलो. आपल्या हवेत वाढलेलं मूल, खरी थंडी तिला माहीतच नाही. मनाली घ्यावं की गुलमर्ग? कपडे इथे काय मिळतील आणि तिथे काय भाड्याने घ्यावेत? खाण्याचं काय करायचं? घरच्यांचं म्हणणं, एवढ्या लहानग्याला थंडीत नेऊच नये. जाणकारांनी नीट तपशीलवार सांगावं.

घाटवाट
आधी उंची बघा, मग गाव ठरवा. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २०५० मीटर, गुलमर्ग सुमारे २६५० मीटर. आपण राहतो ते जवळजवळ शून्यावर. २५०० मीटरच्या वर मुक्काम केला की विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता वाढत जाते. म्हणून पहिल्यांदाच नेत असाल तर मनाली सोपं. तिथे राहायचं आणि बर्फासाठी दिवसा सोलंगला जाऊन यायचं. सोलंग साधारण अडीच हजार मीटरवर आहे, म्हणजे झोपायला पुन्हा खाली. गुलमर्गच हवं असेल तर श्रीनगरला (सुमारे १५८५ मीटर) दोन रात्री काढून मग वर जा.

अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावी जाणं सोपं झालंय आणि सगळे गाडीवाले तिकडेच नेतो म्हणतात. सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मूल नीट खातंपितं असेल तर तास-दोन तास जाऊन या. पहिल्या दिवशी नको. गुलमर्गच्या गोंडोल्याचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत साधारण ३१०० मीटर, तोही मुक्काम रुळल्यावरच. दुसरा टप्पा अफरवटाकडे चार हजारांच्या जवळ नेतो, तो सव्वादोन वर्षांच्या मुलाबरोबर करूच नका. त्रास होत असला तरी ते मूल बोलून सांगू शकत नाही.

जानेवारीचा शेवट निवडलात ते उत्तम. नाताळ ते एक जानेवारी मनालीच्या रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकतात, आणि डिसेंबरात बर्फ पडेलच असं नाही. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ (वादळी हवेचे पट्टे) आले तरच हिमवर्षाव होतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिन्याच्या जवळजवळ अखेरपर्यंत कोरडं होतं. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. शाळा नसलेलं मूल आहे तोवर त्याचा फायदा घ्या.

वेंगुर्ल्याचो_वारो
पोराक घेवन जातास तर घाई करू नकात. एक दिवस मोकळो ठेवाच.

प्रवासाचं सांगतो. मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट दिल्लीला, हजरत निजामुद्दीनला सोडते. एक दिवसाहून जास्त लागतो, पण मूल मोकळेपणी फिरतं, झोपतं आणि हवा हळूहळू बदलत जाते. मडगाव ते चंदीगड संपर्कक्रांतीही आपल्याच मार्गाने जाते, आठवड्यातून ठरावीक दिवशीच असते, थांबे आणि वार बघून घ्या. सिंधुदुर्गातल्यांना विमानासाठी गोव्यातलं मोपा जवळ. विमान खाली उतरायला लागलं की मुलाला काहीतरी प्यायला द्या, गिळल्याने कान मोकळे होतात. झोपलेलं असेल तर उतरणीच्या आधी उठवा.

दिल्ली किंवा चंदीगडहून मनाली एका दमात करू नका. मंडी किंवा कुल्लूच्या आसपास एक रात्र काढा. वळणांनी मुलं ओकतात ती बहुतेक भरल्या पोटी दूध दिल्यामुळे. निघण्याआधी दोन तास दूध नको. कोरडी पोळी, चुरमुरे, थोडं थोडं पाणी एवढंच. भाड्याच्या गाडीत मुलाचं आसन नसतं, आपलं न्यावं लागतं. जाड जाकीट काढूनच पट्टे आवळा आणि पांघरूण वरून घाला. फुगीर जाकिटावर पट्टा घट्ट वाटतो, धक्का बसला की तोच कापूस दबून पट्टा सैल पडतो.

तिरफळ
कपड्यांचं मी लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. कोरडी थंडी मूल सोसतं, ओल सोसत नाही. ओल दोन बाजूंनी येते, बाहेरून बर्फ वितळून आणि आतून घाम येऊन. आपण आतल्या घामाकडे लक्षच देत नाही आणि पाच स्वेटर चढवून मुलाला भिजवतो.

अंगाला लागून सुती काही नको. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. आतला थर लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, अंगासरशी. त्यावर फ्लीसचं (लोकरीसारख्या मऊ, हलक्या कापडाचं) जाकीट आणि पँट. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारा थर, शक्यतो पायापासून मानेपर्यंत एकसंध सूट. दोन तुकडे असले की मूल वाकताना कमरेत बर्फ शिरतो. मोठ्या माणसाला जेवढे थर, त्याहून एक जास्त, हा हिशेब बसून राहिलेल्या मुलासाठी. खेळणाऱ्या मुलाला तुमच्याएवढेच पुरतात. अंगाशी पट्ट्यात बांधलेलं मूल हलत नाही, त्याचे पाय लोंबकळतात आणि तेच आधी गारठतात.

पाच रात्रींसाठी आतले थर तीन जोड, फ्लीस दोन, बाहेरचा सूट एक, लोकरीचे मोजे पाच जोड, कान झाकणाऱ्या टोप्या दोन, हातमोजे चार जोड. हातमोजे बोटांचे नकोत, अंगठा सुटा आणि बाकीची बोटं एकत्र असे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि घालायलाही सोपे. त्यातले दोन तरी पाणी न शिरणारे हवेत. दोन्ही मोज्यांना लांब दोरी बांधून बाहीतून फिरवली की हरवत नाहीत. मात्र गळ्यात सुटा मफलर बांधू नका. घसरगाडीत किंवा झोपाळ्यात अडकून फास बसतो. डोक्यातून घालायची गळपट्टी घ्या.

घालण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी दोघं मोठी माणसं पूर्ण तयार व्हा. मग मुलाचा कोरडा डायपर, आतला थर, मोजे पँटच्या वरून, फ्लीस. इथे थांबा. चप्पल-बूट, पैसे, थर्मास सगळं हाताशी आहे ना बघा, आणि बाहेरचा सूट दाराशी उभं राहून घाला. सुटाचे पाय बुटांच्या वरून ओढा, आत खोचू नका. आधी हातमोजे, मग बाही त्यावरून. गरम खोलीत पूर्ण कपड्यांत दहा मिनिटं ताटकळलेलं मूल घामेजून बाहेर पडतं आणि पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागतं. मग सगळे म्हणतात थंडी बाधली.

सुरंगी (रत्नागिरी)
खूप उपयोगी, तिरफळताई. पावसाळ्यातला रेनकोट आणि गमबूट घरात आहेत. ते चालतील का? भाड्याचे सूट लहान मापात मिळतात का?

तिरफळ
रेनकोट चालतो, आतून अस्तर नसलेला असला तरी. फ्लीसवर थोडा मोठा रेनकोट आणि रेनपँट घातली की वारा-पाणी दोन्ही अडतं. उणे पाचपर्यंत अर्धा तास खेळायला पुरतो. फक्त तो मधूनच उघडून हवा खेळवा, त्यातून घाम बाहेर जात नाही.

गमबुटाचं मात्र सांभाळून. नुसतं रबर पायातली ऊब पटकन ओढून घेतं. एक माप मोठा घेऊन आत फेल्टचा किंवा लोकरीचा तळ घाला आणि एकच जाड मोजा. दोन मोजे कोंबले की पाय आवळतो, रक्त नीट खेळत नाही आणि उलट जास्त गार पडतो. अंगठा आत हलला पाहिजे, हीच परीक्षा.

भाड्याचे सूट रस्त्याकडेच्या दुकानांत मिळतात, पण तीन-चार वर्षांच्या खालचं माप दुर्मीळ. मिळाला तर आत हात घालून बघा. आदल्या गिऱ्हाइकाच्या घामाने दमट असेल तर घेऊ नका. चेन वरपर्यंत लागते का आणि बुटाचा तळ फाटलाय का, तेही तिथेच बघा. मोठ्यांनी भाड्याने घ्या, मुलाचं घरून न्या. रत्नागिरीत थर्मल मिळालं नाही तर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडे लोकरी टोप्या-मोजे चांगले मिळतात.

बालरोग_चिपळूण
घरच्यांच्या काळजीबद्दल आधी. निरोगी मूल योग्य कपड्यांत थंडीत गेलं तर थंडीमुळे सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंनी होते, आणि ते गर्दीच्या बंद खोलीत, गाडीत जास्त पसरतात. मुलाला दमा असेल, हृदयाचा काही दोष असेल किंवा निघण्याच्या आठवड्यात छातीत घरघर असेल तर प्रवास पुढे ढकला. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवा, लसीकरण पूर्ण आहे ना तेही बघून घ्या.

मूल गारठलंय का हे हात-पाय-नाकावरून ठरवू नका, ते गार असतातच. मानेच्या मागे, कॉलरच्या आत हात घाला. कोमट आणि कोरडी, तर ठीक. घामट, तर एक थर काढा. गार, तर लगेच आत. कुडकुडणं, मग गप्प होणं, खेळ सोडून पेंगणं ही पुढची पायरी आहे. थंडीत पेंगणाऱ्या मुलाला दमलंय समजून झोपू देऊ नका. ओले कपडे काढून अंगाशी घ्या आणि गरम जागी न्या. जागं असेल तर कोमट गोड काहीतरी पाजा. गाल किंवा बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. आपल्या काखेत धरून ऊब द्या. रंग परतला नाही तर दवाखाना.

उंचीचा त्रास एवढ्या लहान मुलात ओळखणं अवघड. चिडचिड, खाणं नाकारणं, उलटी, झोप न लागणं, एवढंच दिसतं. वर गेल्यावर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत हे दिसलं आणि दुसरं कारण स्पष्ट नसेल तर उंचीच धरा. त्याहून वर जाऊ नका, आणि वाढत असेल तर रात्र न थांबता खाली उतरा. उंचीची गोळी मुलाला आपल्या मनाने देऊ नका.

औषधांत पॅरासिटामॉल न्या, पण बाटलीवरचा आकडा वाचा. मात्रा दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. साडेअकरा किलोला एका वेळी ११५ ते १७० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर सहा मिली, ५ मिलीत २५० असेल तर तीनच मिली. दोन डोसांत सहा तासांचं अंतर. तिथल्या दुकानात दुसऱ्या ताकदीची बाटली मिळते आणि नेहमीच्या चमच्याने दिल्यावर दुप्पट डोस जातो, चूक इथेच होते. शिवाय नाकात घालायचं सलाइन, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर. उलटीची प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखाली चालत नाही, त्यावरच्यालाही विचारूनच. खोकल्या-सर्दीच्या मिश्र औषधांपासून दूर राहा. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे. वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध चालतो.

शिडाची_होडी
आमच्याकडे थंडीत छातीला थोडी ब्रँडी चोळतात, चमचाभर पाजतातही. ती न्यावी का? आणि गळ्यात कापराची पुडी बांधली तर?

बालरोग_चिपळूण
दोन्ही नको. ब्रँडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब आल्यासारखी वाटते आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. लहान मुलाच्या रक्तातली साखरही झपाट्याने उतरते. चोळलेलीही त्वचेतून जाते. कापूर तर विषच समजा. या वयाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. पुडी गळ्यात नको, उशाशी नको.

माडबन
खोलीतल्या उबेबद्दल, कारण जिवावर बेततं ते इथे. कोळशाची सिगडी, काश्मिरातली कांगडी, गॅसचा हीटर, यातलं काहीही झोपायच्या खोलीत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. सगळे झोपेतच जातात. मालकाने प्रेमाने आणून दिली तरी बाहेर ठेवा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मुलाची आंघोळ दार-खिडकी बंद करून घालू नका. बुखारी (खोलीतली लोखंडी शेगडी) असेल तर धुराडं भिंतीबाहेर निघतंय ना आणि सांधे गळत नाहीत ना ते बघा. खोली घेतानाच विचारा : तेलाचा विजेचा हीटर आहे का, वीज गेली तर जनरेटरवर तो चालतो का. बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे चालतात.

हीटर पलंगापासून तीन फूट लांब, त्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत. ते एका दोरीवर, हीटरच्या समोरच्या भिंतीला टांगा. खोली १८ ते २० अंश पुष्कळ झाली. त्याहून तापवली की हवा कोरडी पडून नाकातून रक्त येतं. आपण दमट हवेतले, आपल्याला ते फार जाणवतं. एका भांड्यात पाणी ठेवा आणि खिडकी बोटभर उघडी.

विजेचं तापणारं अंथरूण मुलाच्या अंगाखाली नको. गरम पाण्याची पिशवी घालून बिछाना तापवा आणि मूल झोपवण्याआधी ती काढून घ्या. चार जाड रजया नकोत, झोपेत त्या तोंडावर येतात. फ्लीसचा झोपायचा पोशाख आणि एक हलकी गोधडी. डोकं उघडंच.

नाचणीची_पेज
खाण्याचं सोपं आहे, पण पाणी तिथे आपल्यासारखं उकळत नाही एवढं लक्षात ठेवा. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. मनालीत ९३ अंशांच्या आसपास, गुलमर्गला ९१. म्हणून भात उघड्या भांड्यात कणीदार राहतो आणि मुलाचं पोट दुखतं. हॉटेलवाल्याला कुकरमध्ये लावलेला मऊ भात मागा, दोन शिट्ट्या जास्त. वर घरचं मेतकूट आणि तूप.

न शिजवता होणाऱ्या गोष्टी घरून न्या. लाल पोहे मंद भाजून मिक्सरला भरड करा. चार चमचे पीठ, त्यावर २०० मिली कडकडीत पाणी, मीठ, अर्धा चमचा तूप. झाकून पाच मिनिटं. गुळगुळीत पेज होते. कुळथाचं पीठ दोन चमचे गार पाण्यात कालवून दीड वाटी उकळत्या पाण्यात सोडा, जिरं-लसूण भाजून आधीच त्यात मिसळून न्या. इथे सात-आठ मिनिटं लागतात, तिथे बारा धरा, नाहीतर कच्चा वास राहतो. नाचणी सत्त्व एका पेल्याला दोन लहान चमचे, आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या. चकाकी येईपर्यंत शिजवा. यासाठी एक लिटरचा विजेचा छोटा कुकर पुरतो. खोलीत चालेल का ते आधी विचारा आणि हीटरच्याच सॉकेटवर दोन्ही एकदम लावू नका.

थर्मासला आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवा, मग त्यात भरा, चार तास सहज गरम राहतं. दूध भरून दिवसभर फिरू नका, कोमट दूध दोन तासांत नासायला लागतं. पाणी न्या, जागेवर दूध पावडर कालवा. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत आणि कोरड्या हवेत अंगातलं पाणी मात्र जातं. दिवसात पाच-सहा ओले डायपर व्हायला हवेत. कमी झाले की पाजणं वाढवा. भाजलेलं खोबरं-गुळाचे लाडू खिशात ठेवा. शेंगदाणे अख्खे नकोत, बर्फात हसता-पळताना घशात अडकतात.

खाडीपलीकडची
तेलाचं सांगते. खोबरेल तिथे दगड होतं, २४-२५ अंशांखाली ते गोठतंच. बाटली नेलीत तर रुंद तोंडाची. गालांना आणि ओठांना कोकमाचं मुठेल किंवा पेट्रोलियम जेली उत्तम, बाहेर जाण्याआधी अर्धा तास पातळ थर. आंघोळ रोज नको, एक दिवसाआड, पाच मिनिटं, लगेच अंगाला तेल. डायपरचे ओले रुमाल आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ते बर्फासारखे होतात आणि मूल किंचाळतं. लंगोट तिथे वापरू नका, भिजला की सगळे थर भिजतात.

घाटवाट
आता खेळ. वाळूत खेळायची बादली-फावडी न्या, बर्फातही तीच लागतात. तुमच्या लेकीला समुद्रावर जे येतं ते सगळं इथे येईल, आणि ते बघण्यात खरी मजा आहे.

उणे पाचपर्यंत, वारा नसेल तर वीस-तीस मिनिटं खेळ, मग आत येऊन दहा-पंधरा मिनिटं ऊब, हातमोजे बदलून परत. वारा असेल तर वेळ निम्मी. सकाळी अकरा ते तीन हीच वेळ. त्याआधी रस्त्यावर काचेसारखा बर्फ असतो, चारनंतर पारा कोसळतो. ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फिरतात, ढगाळ दिवशीही. मुलाला गॉगल हवाच, कानामागून पट्टा असलेला, आणि नाकाखाली-हनुवटीखालीही सनस्क्रीन, कारण ऊन खालून येतं. गॉगल घालायची सवय घरी मांडवीच्या वाळूत आठवडाभर लावा, तिथे जाऊन पहिल्यांदा घातला तर ती फेकून देणार.

बर्फाचा माणूस होत नाही म्हणून हिरमुसू नका. फार थंडीतला बर्फ पिठासारखा कोरडा, मुठीत जमत नाही. शून्याच्या जवळचा ओलसर बर्फ जमतो, म्हणजे दुपारी उन्हात करा. नाहीतर थोडं पाणी शिंपडा. रस्त्याकडेचा बर्फ तोंडात घालू देऊ नका, त्यात घोड्यांची लीद, डिझेल, सगळं असतं.

घसरगाडी लहान उतारावर, मोठ्याच्या मांडीत, पाय पुढे करून, आणि पुढे सपाट मोकळी जागा असेल तिथेच. ट्यूब गरगर फिरते आणि थांबवता येत नाही, ती नको. बर्फावरची स्कूटर आणि चारचाकी मोटरगाडीही नको. पत्र्याच्या छपराखाली उभं राहू नका, दुपारी वरचा बर्फ एकदम घसरतो, वळचणीचे सुळेही पडतात. मूल कडेवर असताना मोठं माणूस घसरलं तर दोघांना लागतं. बुटांना काटेरी पट्टे भाड्याने मिळतात ते घ्या, आणि नाहीच मिळाले तर बुटावरून जुने लोकरी मोजे चढवा, निसरड्यावर चांगली पकड येते.

सुरंगी (रत्नागिरी)
मनाली पक्कं केलं, वाटेत मंडीला एक रात्र. घरच्यांनाही धागा वाचायला दिलाय. शेवटचं, लोकरीचे कपडे सासूबाईंनी पेटीत ठेवलेले आहेत, पावसात त्यांना बुरशीचा वास लागलाय. आणि परत आल्यावर ते कसे ठेवायचे?

खाडीपलीकडची
निघण्याच्या दोन आठवडे आधी बाहेर काढा. अंगणात झटकून दोन दिवस कडक ऊन, उलटसुलट. पांढरट डाग राहिले तर कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून, कापड पिळून पुसून घ्या. मग सौम्य साबणाने थंड पाण्यात धुवा. पिळायचे नाहीत, पंच्यात गुंडाळून दाबायचे आणि आडवे वाळवायचे. टांगले की लोंबून लांब होतात. बुरशीचा वास पूर्ण गेल्याशिवाय मुलाच्या अंगाला लावू नका, शिंका सुरू होतात.

परतीच्या गाडीत एक सुती जोड वरच्या पिशवीत ठेवा. रत्नागिरीला उतराल तेव्हा ऊन तीस अंशांच्या वर असेल. परत आल्यावर ओलसर काही पेटीत टाकू नका, सूट आणि बूट चार दिवस पंख्याखाली वाळवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते रोज बदला. डांबरगोळ्या मुलाच्या कपड्यांत घालू नका. मूल त्या गोळी समजून तोंडात घालतं, आणि काही मुलांमध्ये त्या वासाच्या कपड्यांनीही रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होते. वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून थरांच्या मध्ये ठेवा, पुरचुंडी घट्ट शिवून टाका. पेटी जमिनीवर नको, पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब.